थर्मल कॅमेऱ्यात भिंत निळी दिसतेय, पण तिच्यातून हीट नक्की किती जाते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की लीड्सजवळ १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं) घर घेतलंय, बाजूची मोठी भिंत हिवाळ्यात हाताला गार लागते, मागच्या बेडरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी येते, फोनला लावायचा थर्मल कॅमेरा घेतलात तर अख्खी भिंत निळी दिसली, आणि त्यात इन्सुलेशन कंपनीचा एक माणूस रस्त्यावरून काढलेला लाल-पिवळा फोटो दाखवून बाहेरून इन्सुलेशन करून घ्या म्हणून मागे लागलाय. या कॅमेऱ्यावरून भिंतीची यू-व्हॅल्यू, म्हणजे तिच्यातून किती हीट जाते त्याचं माप, काढता येईल का, असं विचारताय.

मी इकडे यॉर्कशायरमध्येच बिल्डिंग सर्व्हे करतो, थर्मोग्राफी हा त्यातला मोठा भाग, नोव्हेंबर ते मार्च आमचा सीझन. सरळ उत्तर आधी देतो. हीट कुठून जाते हे कॅमेरा झकास सांगतो, किती जाते हे फार ढोबळ सांगतो, आणि रस्त्यावरून काढलेल्या फोटोवरून तर जवळपास काहीच सांगत नाही, ते उंटावरून शेळ्या हाकणं आहे. पण घरातून, नीट तयारी करून वापरला तर तुमच्या ८० बाय ६० पिक्सेलच्या कॅमेऱ्यातून पण बरंच काही निघतं, ते कसं ते पुढे लिहितो.

पहिली गोष्ट, कॅमेऱ्याला भिंतीच्या आतलं काहीही दिसत नाही. तो फक्त पृष्ठभागावरून येणारं ८ ते १४ मायक्रॉनच्या आसपासचं इन्फ्रारेड रेडिएशन पकडतो आणि त्यावरून हिशोब करून टेंपरेचर दाखवतो. त्या रेडिएशनमध्ये भिंतीचं स्वतःचं किती आणि समोरच्या वस्तूंचं भिंतीवर आपटून परत आलेलं किती हे त्याला कळत नाही, ते आपण इमिसिव्हिटी (पृष्ठभाग स्वतःचं रेडिएशन किती चांगलं सोडतो, ० ते १ मधला आकडा) आणि रिफ्लेक्टेड टेंपरेचर (आपटून येणारं रेडिएशन किती डिग्रीच्या वस्तूंचं आहे ते) भरून सांगायचं. रंग दिलेलं प्लास्टर, वॉलपेपर, वीट, लाकूड यांची इमिसिव्हिटी ०.९ च्या आसपास किंवा वर असते त्यामुळे घरातल्या भिंतींसाठी फार डोकं लावायला लागत नाही, पण चकचकीत अ‍ॅल्युमिनियम फॉइलची ०.०५ च्या घरात असते, म्हणजे फॉइलकडे कॅमेरा धरला की तुम्ही फॉइलचं नाही, तुमच्याच तोंडाचं टेंपरेचर वाचताय. रेडिएटरच्या मागे लावलेला चंदेरी रिफ्लेक्टर कॅमेऱ्यात काहीच्या बाही दिसतो तो यामुळे. खिडकीच्या काचेचंही तसंच, या वेव्हलेंथला काच आरपार नाही, काचेतून बाहेरचं झाड दिसत नाही, काचेचं स्वतःचं टेंपरेचर आणि त्यात मिसळलेलं तुमचं प्रतिबिंब दिसतं. म्हणून फोटो काढताना अगदी समोर उभं राहायचं नाही, थोडं तिरकं राहायचं, पण फार तिरकं पण नाही, ५०-६० अंशांच्या पुढे गेलात की इमिसिव्हिटी पडायला लागते आणि आकडा घसरतो.

आता तो यू-व्हॅल्यूचा हिशोब. यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेर एक डिग्री फरक असताना एक चौरस मीटर भिंतीतून किती वॅट जातात. समजा घरात २०, बाहेर ५, फरक १५. भिंतीच्या आतल्या बाजूला हवेचा जो थर असतो त्याचा रेझिस्टन्स स्टँडर्ड हिशोबात ०.१३ धरतात. मग भिंत आतून किती गार असेल ते असं निघतं, की २० मधून ०.१३ गुणिले यू गुणिले १५ वजा करायचे. जुनी ९ इंची सॉलिड विटेची भिंत, पुस्तकी यू-व्हॅल्यू २.१, तर आतला पृष्ठभाग १५.९ डिग्री. रिकामी कॅव्हिटी (विटांच्या दोन थरांमधली पोकळी) असलेली, यू १.५, तर १७.१. कॅव्हिटी इन्सुलेशनने भरलेली, यू ०.५, तर १९. आजच्या नियमांनी बांधलेली नवी भिंत, ०.२ च्या आसपास, तर १९.६.

हे चार आकडे परत एकदा बघा. सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगल्या भिंतीत पावणेचार डिग्रीसुद्धा फरक नाही. आणि तुमच्या कॅमेऱ्याच्याच काय, माझ्या महागड्या कॅमेऱ्याच्या कागदावर पण अ‍ॅक्युरसी लिहिलेली असते ती प्लस-मायनस २ डिग्री. म्हणजे तुम्ही १७ वाचलंत तर खरं टेंपरेचर १५ ते १९ मधलं काहीही असू शकतं, म्हणजे सॉलिड भिंतीपासून ते कॅव्हिटी भरलेल्या भिंतीपर्यंत सगळं त्यात बसतं. यू-व्हॅल्यूमध्ये ही चूक दोन्ही बाजूंना १ ची होते, जिथे मोजायची गोष्टच ०.५ की १.५ ही आहे. त्यामुळे भिंतीवर क्रॉसहेअर ठेवून आलेला आकडा सूत्रात टाकून यू-व्हॅल्यू काढणारी जी अ‍ॅप्स आणि व्हिडिओ आहेत ती सोडून द्या.

पण याच कॅमेऱ्याची दुसरी बाजू अशी की एकाच फोटोतल्या दोन जागांमधला फरक तो फार बारीक ओळखतो, ०.१ डिग्री सुद्धा. प्लस-मायनस २ ची चूक बहुतेक करून सगळ्या फोटोला सारखीच लागते, सगळंच थोडं वर किंवा सगळंच थोडं खाली. म्हणून थर्मोग्राफीत आकडा वाचायचा नाही, फरक वाचायचा, आणि पुढचं सगळं याच गोष्टीवर उभं आहे.

अख्खी भिंत निळी का दिसली ते पण यातच आलं. तुमचा कॅमेरा ऑटो स्केलवर आहे. ऑटो म्हणजे फ्रेममधलं सगळ्यात गार ते निळं आणि सगळ्यात गरम ते पांढरं-पिवळं, मग तो फरक २ डिग्रीचा असो नाहीतर ४० चा. वर्गात सगळ्यांना ९५ च्या वर मार्क असले तरी कोणाचा तरी शेवटचा नंबर येतोच ना, तसं. फ्रेममध्ये रेडिएटर आला की उत्तम इन्सुलेट केलेली भिंत पण निळीशार दिसते. अ‍ॅपमध्ये स्पॅन (रंगांच्या स्केलची खालची-वरची मर्यादा) लॉक करायची सोय असेल तर १० ते २२ असं काहीतरी लॉक करून टाका आणि घरातले सगळे फोटो त्याच स्केलवर काढा, नाहीतर दोन फोटोंची तुलनाच होत नाही. आणि तो इंद्रधनुष्यवाला रंग बदलून साधं काळं-पांढरं किंवा आयर्न पॅलेट घ्या, इंद्रधनुष्यात अर्ध्या डिग्रीच्या फरकाला पण भडक रेघ येते आणि माणूस उगाच घाबरतो.

आता त्या सेल्समनच्या फोटोबद्दल. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला हवेच्या थराचा रेझिस्टन्स फक्त ०.०४ धरतात. त्याच १५ डिग्री फरकाला सॉलिड भिंत बाहेरून ६.३ डिग्री असेल आणि भरलेली कॅव्हिटी ५.३. एक डिग्रीचा खेळ आहे सगळा! आणि हा एक डिग्री बाहेर कशाकशात बुडून जातो ते बघा. वारा असेल तर तो पृष्ठभाग लगेच हवेच्या टेंपरेचरला आणतो. आकाश निरभ्र असेल तर रात्रीचं आकाश हवेपेक्षा कितीतरी डिग्री गार असतं, भिंत त्याच्याकडे हीट फेकून गार होते, वरून विटेवरून परावर्तित झालेलं ते गार आकाश कॅमेऱ्यात मिसळतं आणि रीडिंग एक-दोन डिग्री सहज खाली जातं. दिवसभर ऊन खाल्लेली पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत उबदार दिसते, त्याचा घरातल्या हीटिंगशी काही संबंध नाही. पावसाने भिजलेली वीट वाळताना गार दिसते. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे ज्या घराचं हीटिंग बंद आहे ते घर रस्त्यावरून कॅमेऱ्यात सगळ्यात सुंदर, गडद निळं, जणू काही जगातलं सर्वोत्तम इन्सुलेशन.

तुमच्या घराच्या त्या फोटोत छपराच्या पुढे आलेल्या भागाखाली लाल पट्टा आहे म्हणालात आणि त्यालाच तो माणूस हीट लॉस म्हणतोय. तो पट्टा मी जवळपास प्रत्येक घरावर बघतो. छपराचा पुढे आलेला भाग भिंतीच्या वरच्या फूट-दीड फुटाला आकाशापासून झाकतो, त्यामुळे तेवढी भिंत रात्री कमी गार होते, बस. कधीकधी तिथे खरंच गळती असते, म्हणजे कॅव्हिटी वरून उघडी आहे आणि गरम हवा तिथून निघतेय असं, पण ते लॉफ्टमध्ये (छपराखालच्या माळ्यावर) चढून बघायचं, रस्त्यावरून ठरवायचं नाही. शिवाय अंतराचा प्रश्न आहे. ८० पिक्सेल रुंदीचा आणि ५० डिग्रीच्या कोनातलं बघणारा कॅमेरा १० मीटरवरून धरला तर एक पिक्सेल भिंतीवर साधारण १२ सेंटीमीटरचा होतो, आणि भरवशाचं रीडिंग हवं तर निदान तीन पिक्सेल लागतात, म्हणजे ३५ सेंटीमीटरपेक्षा लहान काहीही तुम्ही मोजतच नाही आहात, नुसते रंग बघताय.

तेव्हा काम घरातून करा. आत-बाहेर निदान १० डिग्री फरक पाहिजे, १५ असेल तर उत्तम, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतली ढगाळ, वारा नसलेली पहाट बघा, सूर्य उगवायच्या आधी. आदल्या संध्याकाळपासून हीटिंग एकसारखं चालू ठेवा, रात्री बंद सकाळी चालू हा नेहमीचा टायमर त्या दिवशी काढून टाका. हे का, तर विटेची भिंत जड असते, बाहेरचा बदल आत पोचायला तिला बरेच तास लागतात, सकाळी ६ ला बॉयलर चालू झाला आणि ७ ला फोटो काढला तर तुम्ही भिंतीचं इन्सुलेशन बघत नाही, भिंत तापायला किती वेळ घेते ते बघताय. कपाट, पलंग, भिंतीवरचे फोटो आदल्या दिवशीच बाजूला करा, ऐनवेळी कपाट सरकवलं तर त्याच्या मागची भिंत गार दिसणारच कारण तिथे खोलीची ऊब पोचलेलीच नसते. त्या भिंतीवर रेडिएटर असेल तर तेवढा बंद ठेवा. पडदे उघडे. कॅमेरा खिशातून काढून लगेच वापरू नका, चालू करून दहा-पंधरा मिनिटं खोलीत राहू द्या, हे स्वस्त सेन्सर स्वतःच तापत असतात आणि तोवर रीडिंग सरकत राहतं, मधूनमधून जो टिक आवाज येतो तो शटर बंद करून स्वतःला ठीक करण्याचा असतो, तो झाल्यावर फोटो घ्या.

आणि एक अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा घ्या, चुरगळा, परत सरळ करा, पुठ्ठ्यावर चमकती बाजू वर करून चिकटवा आणि भिंतीशी धरा. कॅमेऱ्याची इमिसिव्हिटी १ करून त्या फॉइलचं जे टेंपरेचर येईल तेच रिफ्लेक्टेड टेंपरेचर, ते सेटिंगमध्ये भरा. घरात ते बहुतेक खोलीच्या टेंपरेचरच्या आसपासच येतं, पण समोर मोठी गार खिडकी असेल तर नाही येत.

आता माझी आवडती युक्ती, जी तुमच्या कॅमेऱ्यावर पण चालते. अशी जागा शोधा जिथे बाहेरची भिंत आणि दोन गरम खोल्यांमधली आतली भिंत एका फ्रेममध्ये येतात. आतल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना २० डिग्री आहे त्यामुळे तिच्यातून हीट जवळजवळ जातच नाही, ती खोलीच्याच टेंपरेचरला असते. म्हणजे ती तुमची शून्य रेघ झाली. आता दोन्ही भिंतींवर कोपऱ्यापासून निदान अर्धा मीटर लांब, सारख्या उंचीवर, फोटोच्या मध्यापासून सारख्या अंतरावर, एकेक छोटा चौकोन घेऊन सरासरी टेंपरेचर काढा (मध्यापासून सारखं अंतर यासाठी, की स्वस्त कॅमेऱ्यांची कडा मध्यापेक्षा वेगळं वाचते). दोन्हींमधला फरक ४ डिग्री आला आणि आत-बाहेर १५ चा फरक आहे तर ४ भागिले ०.१३ गुणिले १५, म्हणजे ४ भागिले १.९५, यू-व्हॅल्यू २ च्या आसपास. फरक ३ आला तर दीड. फरक १ आला तर अर्धा. कॅमेऱ्याची प्लस-मायनस २ ची चूक यात बहुतेक कटून जाते कारण ती दोन्हीकडे सारखीच आहे.

हे उत्तर पण २५-३० टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतं बरं का, कारण ते ०.१३ हे पुस्तकातलं आहे, खऱ्या खोलीत हवा कशी फिरते त्यावर ते बदलतं, आणि रात्री बाहेरचं टेंपरेचर पण एकसारखं नसतं. ०.५ आणि ०.७ मधला फरक याने कळणार नाही. पण कॅव्हिटी भरलेली आहे की रिकामी, एवढं मात्र नक्की कळतं, आणि तुम्हाला आत्ता एवढंच कळायला हवंय.

खरं तर कॅमेरा काढायच्या आधी बाहेर जाऊन विटा बघा, त्याला पैसे पडत नाहीत. सगळ्या विटा लांबीकडून दिसत असतील तर बहुतेक कॅव्हिटी भिंत, मधेमधे विटेचं छोटं तोंड दिसत असेल तर बहुतेक ९ इंची सॉलिड. १९३० च्या घरांमध्ये दोन्ही सापडतात, कधी एकाच घरात पुढे एक आणि बाजूला दुसरं. रेंडर केलेलं (विटांवर बाहेरून प्लास्टर) असेल तर दाराच्या चौकटीत भिंतीची जाडी मोजा, आत-बाहेरचं प्लास्टर सोडून साडेआठ-नऊ इंच म्हणजे सॉलिड, दहा-अकरा म्हणजे कॅव्हिटी. कॅव्हिटी असेल तर विटांच्या सांध्यांमध्ये साधारण मीटर मीटर अंतरावर नाण्याएवढी गोल, थोड्या वेगळ्या रंगाच्या सिमेंटने बुजवलेली भोकं दिसतात का बघा, तिरक्या रांगेत असतात. ती असतील तर आधीच्या कोणी मालकाने कॅव्हिटी भरून घेतलीय. आणि मग प्रश्नच बदलतो, भरली असून पण गार का?

तिथे कॅमेऱ्याला तोड नाही. प्रत्येक दोषाची फोटोत एक वेगळी ओळख असते आणि ती एकदा डोळ्यांत बसली की आकड्यांची फार गरज लागत नाही. कॅव्हिटीत इन्सुलेशनचं फायबर कमी फुंकलेलं असेल तर ठराविक जागी, बहुतेक खिडकीच्या खाली किंवा भिंतीच्या अगदी वरच्या भागात, बऱ्यापैकी स्पष्ट कडा असलेला गार तुकडा दिसतो. जुनं फायबर खाली बसलं असेल तर वरून आडवा पट्टा गार आणि खाली ठीक. खिडकीच्या वरच्या लिंटलची (भिंतीचा भार पेलणाऱ्या आडव्या तुळईची) सरळ आडवी गार रेघ येते. प्लास्टरबोर्ड चिकटवायच्या मसाल्याच्या गोळ्यांवर बसवलेला असेल तर भिंतीवर गोल गोल ठिपक्यांची नक्षी येते, आणि त्या बोर्डाच्या मागे बाहेरची हवा खेळत असेल तर ठिपके सोडून बाकी सगळा बोर्डच गार पडतो, स्किर्टिंगपासून (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीपासून) आणि सॉकेटपासून पसरत जाणारे पिसासारखे, कडा नसलेले फराटे दिसतात. हे फराटे म्हणजे हवेची गळती, हिचा भिंतीच्या यू-व्हॅल्यूशी संबंध नाही. किचन आणि बाथरूमचे एक्झॉस्ट फॅन चालू करून, खिडक्या बंद करून दहा मिनिटांनी परत तोच फोटो काढा, फराटे वाढले तर खात्रीच झाली. आम्ही हेच ब्लोअर डोअर (दारात बसवायचा मोठा पंखा) लावून घरात ५० पास्कलचं प्रेशर तयार करून करतो.

ओलीचं चित्र निराळं असतं. जमिनीपासून वर चढलेला किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून उतरलेला वेडावाकडा डाग, कडा धूसर. ओली भिंत दोन कारणांनी गार असते, एक तर ओल्या विटेतून हीट जास्त जाते आणि दुसरं म्हणजे पाणी उडताना हीट घेऊन जातं. पण नुसत्या फोटोवरून ओल आहे असं कधीही म्हणायचं नाही, त्या डागावर ओलावा मोजायचं मीटर टेकवून बघायचं. इन्सुलेशन नाही म्हणून पैसे घातले आणि खरा प्रकार फुटक्या गटरचा होता, अशी घरं मी पाहिलीत, आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

तुमच्या बुरशीच्या कोपऱ्याबद्दल. कोपरा नेहमीच भिंतीपेक्षा गार दिसतो, चांगल्या घरात पण, कारण तिथे हीट घेणारा आतला पृष्ठभाग कमी आणि ती सोडणारा बाहेरचा पृष्ठभाग जास्त, शिवाय हवा तिथे फिरत नाही. तेव्हा कोपरा निळा दिसला म्हणून लगेच दोष नसतो. त्यासाठी टेंपरेचर फॅक्टर काढतात, पृष्ठभाग वजा बाहेरचं, भागिले आतलं वजा बाहेरचं. तुमचा कोपरा १३ डिग्री म्हणालात, आत २०, बाहेर ५, तर ८ भागिले १५, म्हणजे ०.५३. इथल्या घरांसाठी बुरशी टाळायला हा निदान ०.७५ लागतो असं धरतात, म्हणजे कोपरा १६.२५ च्या खाली जायला नको. इथे प्लस-मायनस २ ची चूक धरली तरी तुम्ही रेघेच्या खालीच आहात.

पण बुरशीला फक्त गार भिंत पुरत नाही, ओलावा पण लागतो, आणि पृष्ठभागालगतची ह्युमिडिटी ८० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की ती वाढते. खोलीत २० डिग्री आणि ६० टक्के ह्युमिडिटी असेल तर १५.४ डिग्रीच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर ही वेळ येते, म्हणजे तुमचा कोपरा सोडाच, पूर्ण उघडी सॉलिड भिंत पण काठावर येते. तीच ह्युमिडिटी ५० टक्क्यांवर आणलीत तर रेघ साडेबाराच्या आसपास उतरते आणि तुमचा १३ चा कोपरा थोडक्यात का होईना वाचतो. आपल्या घरांमध्ये रोज कुकरच्या शिट्ट्या, भात, वरण, चहा, त्यात हिवाळ्यात कपडे रेडिएटरवर वाळत घातलेले, ह्युमिडिटी ७० च्या पुढे असते आणि लोकांना पत्ता नसतो. दहा-पंधरा पाउंडाचं ह्युमिडिटी मीटर आणा, बेडरूममध्ये आठवडाभर ठेवा. किचनचा फॅन चालू असताना दार लावून घ्या. हे इन्सुलेशनच्या हजारो पाउंडांच्या आधी.

पैशांचं गणित पण करून टाकू. तुमची बाजूची भिंत ७ मीटर बाय ५ धरली तर ३५ चौरस मीटर. इंग्लंडमध्ये हीटिंग डिग्री-डेज (वर्षभरात किती दिवस आणि किती डिग्रीने गार असतं त्याची बेरीज) ढोबळ २००० धरा. रिकामी कॅव्हिटी, यू १.५, तर वर्षाला १.५ गुणिले ३५ गुणिले २००० गुणिले २४ तास, भागिले १०००, म्हणजे साधारण २५०० युनिट हीट त्या एका भिंतीतून. कॅव्हिटी भरून ०.५ वर आणली तर ८४०. वाचले साधारण १७०० युनिट, बॉयलरची एफिशियन्सी धरून गॅसचे १९०० युनिट, आणि गॅस ६-७ पेन्सने धरला तर वर्षाला ११५ ते १३० पाउंड. कॅव्हिटी भरायला जो खर्च येतो त्याच्या मानाने हे चांगलं आहे. बाहेरून इन्सुलेशन करून ०.३ वर आणलं तर ०.५ च्या तुलनेत आणखी ३४० युनिटच्या आसपास वाचतील, आणि त्यासाठी खर्च मात्र कितीतरी पट, मचाण बांधण्यापासून गटर-पाइप हलवण्यापर्यंत. सॉलिड भिंत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे भरायला काही नसतंच.

आणि एक गोष्ट जी तो सेल्समन सांगणार नाही. रिकाम्या कॅव्हिटीच्या भिंतीवर बाहेरून इन्सुलेशन चिकटवलं आणि कॅव्हिटी वर-खाली उघडीच राहिली, तर बाहेरची गार हवा इन्सुलेशनच्या मागून कॅव्हिटीतून फिरत राहते आणि बाहेरचा महाग थर निम्मा वाया जातो. आधी कॅव्हिटी भरायची किंवा निदान सगळीकडून बंद करायची, मग बाहेरचं बघायचं. कॅव्हिटी भरताना पण आधी बोअरस्कोप (भोकातून आत बघायचा बारीक नळीचा कॅमेरा) घालून आत विटांचे तुकडे, पडलेलं मॉर्टर आहे का ते बघायला लावा, आणि भिंत पश्चिमेला तोंड करून पावसाच्या माऱ्यात असेल तर दहादा विचार करा, तिथे भरलेली कॅव्हिटी पाणी आत आणू शकते. कॅव्हिटीतून हवा फिरून हीट जाते हे लोकांना किती उशिरा कळलं बघा, मँचेस्टरच्या बाजूला स्टॅमफर्ड ब्रुकच्या नव्या घरांवर लीड्स मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी मोजमापं केली तेव्हा दोन घरांमधल्या सामाईक भिंतीच्या कॅव्हिटीतून बरीच हीट वर निघून जाताना सापडली, तोवर नियमांत ती भिंत शून्य हीट लॉसची धरत होते, २०१० च्या नियमांत ते बदललं.

यू-व्हॅल्यूचा खरा आकडाच हवा असेल तर हीट फ्लक्स प्लेट लावायची. तळहाताएवढी पातळ चकती असते, भिंतीला आतून चिकटवायची, आत-बाहेर टेंपरेचर सेन्सर, आणि लॉगर (रीडिंग आपोआप नोंदवणारं यंत्र) चालू करून सोडून द्यायचं. आयएसओ ९८६९ या मोजमापाच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डप्रमाणे निदान तीन दिवस, आणि शेवटच्या २४ तासांत उत्तर ५ टक्क्यांपेक्षा जास्त हलता कामा नये, विटेच्या भिंतीला आम्ही दोन आठवडे तरी ठेवतो. इथे थर्मल कॅमेरा परत कामाला येतो, प्लेट कुठे चिकटवायची ते ठरवायला, म्हणजे ती नेमकी लिंटलवर किंवा प्लास्टरबोर्डच्या गोळ्यावर बसायला नको. असं मोजल्यावर पुस्तकी आकडे पण हलतात. इथल्या सॉलिड भिंती प्रत्यक्ष मोजल्या तर सरासरी १.६ च्या आसपास निघाल्या, २.१ नाही, आणि म्हणून एनर्जी सर्टिफिकेटच्या हिशोबात धरायचा आकडा नंतर १.७ केला गेला. म्हणजे सॉलिड भिंतीवर इन्सुलेशन करून अमुक इतकी बचत असं कोणी २.१ धरून सांगत असेल तर तो बचत फुगवून सांगतोय.

जाता जाता, पुण्या-नागपूरचे लोक पण विचारतात की हाच कॅमेरा तिकडे चालेल का. चालेल, पण हा हिशोब तिकडे लागू नाही, कारण आत-बाहेर एकसारखा १०-१५ डिग्रीचा फरक तासन्‌तास राहतच नाही आणि तिकडचा प्रश्न हीट बाहेर जायचा नसून उन्हाने तापलेल्या गच्चीच्या स्लॅबमधून आणि पश्चिमेच्या भिंतीतून आत यायचा आहे. भारतातल्या इको-निवास संहितेत (घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमांत) छताची यू-व्हॅल्यू १.२ च्या आत हवी असं आहे, नुसत्या काँक्रीटच्या स्लॅबला ते जमत नाही. तिकडे कॅमेऱ्याचा जास्त उपयोग गच्चीची गळती आणि सुटलेलं प्लास्टर शोधायला होतो.

तर तुम्ही आत्ता काय करायचं ते. विटा आणि भोकं बघा, ह्युमिडिटी मीटर ठेवा, एक चांगली ढगाळ पहाट गाठून दोन भिंतींची तुलना करा. विटांवरून भिंत कॅव्हिटीची वाटली, फरक ३ डिग्रीच्या आसपास आला आणि भिंतीत भोकं नाहीत तर कॅव्हिटी रिकामी आहे असं धरून बोअरस्कोपवाल्याला बोलवा. त्या सेल्समनला फक्त एवढं विचारा, की फोटो किती वाजता काढला, तेव्हा आत आणि बाहेर टेंपरेचर किती होतं, वारा किती, आकाश कसं होतं, आदल्या दिवशी ऊन-पाऊस होता का, इमिसिव्हिटी आणि रिफ्लेक्टेड टेंपरेचर काय भरलं आणि स्केल ऑटो होती की लॉक केलेली. कुठल्याही बऱ्या थर्मोग्राफी रिपोर्टमध्ये हे सगळं प्रत्येक फोटोखाली छापलेलं असतं. पुढे काम कोणाकडूनही करून घेतलंत तरी आत्ताचे फोटो जपून ठेवा आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच जागेवरून, त्याच स्केलवर, तितक्याच थंडीत परत काढा. दोन भिंतींमधला तो ३ डिग्रीचा फरक १ वर आला नसेल तर कामाची गॅरंटी घेऊन त्यांच्याकडे जा, आणि जाताना दोन्ही फोटो बरोबर न्या.